होडीत ‘आम्ही’ की ‘आपण’? : बायबलच्या मूळ भाषा शिकताना

सगळं सुरू झालं ते संडे स्कूलमधल्या एका मुलीच्या प्रश्नाने. गोव्यात वास्कोतल्या आमच्या छोट्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी मुलांना वादळाची गोष्ट सांगत होते. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांतल्या मार्कच्या चौथ्या अध्यायातली. येशू होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला, लाटा आत येतायत, शिष्य त्याला उठवतात. मी म्हणाले, “गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का?” सात-आठ वर्षांची ती मुलगी पटकन म्हणाली, “बाई, म्हणजे येशू पण बुडणार होता?”

मी शाळेत मराठी शिकवते. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर आणि ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यामुळे तिला नेमकं काय खटकलं ते लगेच कळलं. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. उपासना संपल्यावर पाळकांना विचारलं. ते म्हणाले, “मूळ ग्रीकमध्ये काय आहे ते बघावं लागेल.” बघणार कोण, हा प्रश्न मी घरी घेऊन आले. तेव्हा माझं वय एक्केचाळीस होतं.

पवित्र शास्त्राच्या अभ्यासाची पदव्युत्तर पदवी नोकरी सांभाळून करता येते, हे चौकशीत समजलं. अभ्यास घरी करायचा, वर्षातून दोनदा सत्रासाठी पुण्याला जायचं. माझं बी.ए. मराठीचं, धर्मशास्त्राची पदवी नाही, म्हणून आधी एक वर्ष पूर्वतयारीचं लागलं. प्रवेशाचा त्रास फार उगाळत नाही. अर्ज चार महिने एका टेबलावर पडून राहिला, तीच प्रमाणपत्रं साक्षांकित करून तीनदा पाठवावी लागली. कुणाला हे करायचं असेल तर एवढंच सांगते, की प्रत्येक कागदाची पोचपावती घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

पहिल्या वर्षी हिब्रू, बायबलच्या जुन्या कराराची भाषा. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे. लिपी आठवड्यात येते असं सगळे सांगतात, आणि येतेही. पण अक्षरं ओळखणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मूळ मजकूर शतकानुशतकं जवळजवळ नुसत्या व्यंजनांत लिहिला गेला. अक्षरांखालचे-वरचे स्वरांचे ठिपके आणि रेघा मासोरेत म्हणवणाऱ्या विद्वानांनी खूप नंतर घातल्या. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना हे लवकर उमजेल. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द आधीच माहीत असेल तरच कागद बोलतो. आम्ही वर्गात वापरत होतो ती छापील प्रत ज्या हस्तलिखितावर आधारलेली आहे, ते सुमारे १००८ सालचं आहे. संपूर्ण हिब्रू बायबलचं तारीख असलेलं सर्वांत जुनं हस्तलिखित हेच. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली जायला तेव्हा अजून पावणेतीनशे वर्षं होती.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. शंभरात एकतीस. शिक्षकाने नापास होणं कसं लागतं ते मला इथे लिहायलाच हवं, कारण त्या आठवड्यात मी अभ्यास सोडणार होते. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना हात थरथरायचा. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा दिसलं, की निम्म्या चुका दोनच अक्षरांच्या होत्या, दालेत आणि रेश. ‘द’ आणि ‘र’. दोन्हींना वर आडवी रेघ, उजवीकडून खाली उतरणारी उभी रेघ, फरक फक्त कोपऱ्याचा. एकीचा कोपरा टोकदार, दुसरीचा गोल.

मार्गदर्शक सरांना फोन केला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “उत्पत्तीचा दहावा अध्याय उघडा, चौथं वचन. मग पहिला इतिहास, पहिला अध्याय, सातवं वचन.” बायबलमधल्या या दोन्ही पुस्तकांत वंशावळ तीच, यावानाची मुलं. एका ठिकाणी नाव दोदानीम, दुसऱ्या ठिकाणी रोदानीम. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी तरी नक्कल करणारा माणूस, दिव्याच्या उजेडात, त्याच कोपऱ्यावर घसरला होता. मी वह्यांचा गठ्ठा जवळ ओढला. ‘घर’चं ‘धर’ आणि ‘धन’चं ‘घन’ करणारी माझी मुलं त्यात होती. त्या रात्री मी पुठ्ठ्याचे चौकोन कापले आणि दालेत-रेशचे साठ शब्द लिहून काढले.

दुसऱ्या प्रयत्नासाठी रूथचं पुस्तक घेतलं. चार अध्याय, पंच्याऐंशी वचनं. भाषा सरळ आहे, म्हणून हिब्रू शिकणाऱ्यांना बहुतेकदा हेच आधी वाचायला देतात. पहाटे पाच ते साडेसहा ही माझी वेळ. सासूबाईही त्याच वेळी उठतात. त्यांना मोतीबिंदू, वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचायचे, त्या चहाचा कप हातात धरून ऐकायच्या. रूथ ही सून, नामी ही सासू, दोघीही विधवा, आणि सासू सांगते, तू तुझ्या माहेरी परत जा. दुसरी सून अर्पा निरोप घेऊन जाते. रूथबद्दल मात्र तीनच शब्द येतात, ‘वे-रूथ दावका बाह’. ‘दावक’ म्हणजे चिकटणं, बिलगणं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहतो, तिथेही हाच धातू आहे. लग्नाच्या नात्यासाठी वापरलेला शब्द इथे सुनेने सासूला धरून ठेवण्यासाठी येतो, हे आईंना सांगितलं तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “परत वाच.”

पुढे रूथ म्हणते, ‘अम्मेख अम्मी, वेलोहायिख एलोहाय’. अवघे चार शब्द, क्रियापद एकही नाही. इंग्रजीत तिथे क्रियापद घालावंच लागतं. मराठीत नाही लागत. तुझे लोक माझे लोक, तुझा देव माझा देव. हिब्रूचं हे मला सतत जाणवत राहिलं, की जिथे इंग्रजीतून शिकणारे अडतात तिथे आपल्याला वाट मोकळी असते. ‘हालख्ता’ म्हणजे तू गेलास, ‘हालख्त’ म्हणजे तू गेलीस. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मित्रांना हे तक्ते घोकावे लागले. मला नाही लागले.

आणि हे मराठीतून शिकण्यात मी काही पहिली नव्हे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, ते छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये. माझ्या कोल्हापूरच्या आजीकडे त्याची एक प्रत होती, लहानपणी तिची पानं हाताळली होती. ते एका बाईने एकहाती केलेलं काम आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

अरामी भाषा सहा महिन्यांत उरकली. दानीएलच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात मध्येच हिब्रू संपून अरामी सुरू होते ती सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत. हिब्रू पक्की असेल तर ती अंगावर येत नाही.

तिसऱ्या वर्षी ग्रीक, नव्या कराराची भाषा, आणि इथे शाळेतलं संस्कृत धावून आलं. ‘दिदोमी’ म्हणजे ददामि, ‘एस्ती’ म्हणजे अस्ति. भूतकाळाच्या आधी लागणारा ‘ए’ आपल्या ‘अगच्छत्’मधल्या ‘अ’सारखा. परस्मैपद-आत्मनेपद ज्याला माहीत आहे त्याला ग्रीकमधला मधला प्रयोग समजावून सांगावा लागत नाही. हिब्रू आणि ग्रीक एकाच वर्षी घेऊ नका, हे मात्र कळकळीने सांगते. माझ्या एका सहाध्यायिनीने घेतल्या आणि दोन्ही सुटल्या. कोशांवर पैसे घालायचीही सुरुवातीला गरज नाही. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं ‘स्टेप बायबल’ हे संकेतस्थळ फुकट आहे, शब्दावर बोट ठेवलं की त्याचं रूप आणि अर्थ दिसतो. पण आधी स्वतः रूप ओळखायचं, मग बोट ठेवायचं. उलट केलं की काही शिकून होत नाही.

मग एका शनिवारी मार्कच्या चौथ्या अध्यायाचं अडतिसावं वचन उघडलं. त्यासाठी मी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले होते, घरी पाहुणे होते म्हणून. शब्द होता ‘अपोल्लुमेथा’. सर्वनाम नाहीच. ‘आम्ही-आपण’ सगळं त्या शेवटच्या ‘मेथा’त, आणि हा ‘मेथा’ म्हणजे ‘लभामहे’तल्या ‘महे’चा जवळचा नातलग. उत्तम पुरुष, अनेकवचन, बस्स. ऐकणारा आत की बाहेर, हे ग्रीक सांगत नाही. हिब्रूही सांगत नाही. त्या मुलीचा प्रश्न मूळ भाषेत सुटतच नव्हता, कारण तो मूळ भाषेत पडतच नव्हता. तो मराठीत पडला होता.

सरांना हे लिहून पाठवलं, तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की तुमच्या प्रबंधाचा विषय हाच.

पुढचं दीड वर्ष मी शुभवर्तमानांतला प्रत्येक ‘आम्ही-आपण’ उचलून पाहत होते. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवरच्या एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि ती त्याला विचारते, की तू याकोबापेक्षा मोठा आहेस काय? पण ‘आमचा बाप याकोब’ म्हणते की ‘आपला बाप याकोब’? येशू यहुदी, ती शोमरोनी, आणि दोन्ही समाज स्वतःला याकोबाचे म्हणवणारे. ‘आमचा’ लिहिलं की ती त्याला विहिरीवरून उठवते. ‘आपला’ लिहिलं की पाण्याच्या आधीच नातं जोडते. ग्रीक वाचणाऱ्याला थांबायची गरज नाही, मराठी लिहिणाऱ्याला थांबावंच लागतं. गोव्यात तर ही जुनी गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत, पण ओव्या मराठी. मी एकदा मुद्दाम रायतूरला जाऊन त्या टेकडीवर उभी राहिले. इंग्लंडहून आलेल्या त्या माणसालाही ओवी लिहिताना ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावं लागलंच असणार.

होडीतलं वचन मात्र अडून बसलं होतं. ‘आम्ही बुडतोय’ म्हटलं की शिष्य त्याला दोष देतायत, तुझं काय, तू निवांत आहेस. ‘आपण’ म्हटलं की तोही पाण्यात जाणार असं त्यांना वाटतंय. दोन्ही बाजूंनी वीस-वीस पानं लिहून झाली, निर्णय होईना.

संध्याकाळी मासे आणायला मी खारीवाड्याच्या जेटीवर जाते. तिथे वेंगुर्ल्याकडचे एक काका आहेत, चाळीस वर्षं समुद्रावर गेलेले, आता जाळी दुरुस्त करतात. त्यांना सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, “काका, होडीत पाणी भरतंय, तांडेल झोपलाय. त्याला उठवताना काय ओरडाल? आम्ही बुडतोय की आपण बुडतोय?”

त्यांनी हातातली सुई थांबवली. “तेव्हा आम्ही कोण म्हणतं आणि आपण कोण म्हणतं, बाई? नुसतं ‘बुडालो!’ तेवढंच तोंडातून येतं.”

मी मासे न घेताच घरी आले. बुडालो. सर्वनाम नाही, ऐकणारा आत की बाहेर ते सांगितलेलं नाही, सगळं क्रियापदाच्या शेवटात. ‘अपोल्लुमेथा’ जसं आहे तसंच. “गुरुजी, बुडालो! तुम्हाला काहीच वाटत नाही?” मी ते पुठ्ठ्याच्या चौकोनावर लिहिलं आणि आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे बरोबर.”

मौखिकी चाळीस मिनिटं चालली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की हा तोडगा सगळीकडे चालेल का? नाही, असं मी सांगितलं. विहिरीवरच्या बाईला नुसतं ‘बाप याकोब’ म्हणायला लावता येत नाही, तिथे निवड करावीच लागते, आणि मी ‘आमचा’ निवडलं आहे, कारण त्याच अध्यायात आधी ती दोन समाजांतलं अंतर स्वतःच बोलून दाखवते. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. निकाल सात आठवड्यांनी टपालाने आला.

ती मुलगी आता नववीत आहे. गेल्या जूनपासून दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत चौघं हिब्रू शिकायला येतात, त्यांत तीही आहे. सगळं मराठीतून. दोघांचे दालेत आणि रेश अजून एकमेकांत मिसळतात. पुढच्या शनिवारी फळ्यावर दोदानीम-रोदानीम लिहायचं ठरवलं आहे.