आडाळीवरचा व्हाइस

माणसाला हात दोनच का दिले हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो गरीला, म्हणजे मासे धरायच्या गळाला, कोंबड्याचं पीस बांधताना. एका हातात गरी, दुसऱ्या हातात पीस, मग दोरा कोण गुंडाळणार? दोरा दातात धरून बघितला तर गरीचं टोक ओठाला लागलं, आणि बायको म्हणाली मासा राहिला बाजूला, आधी गरवणाराच गळाला लागला.

आमच्याकडे मालवणात गरवायला जाणं म्हणजे तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, गरी, शिसं आणि आमिषाला सुंगटं म्हणजे कोळंबी, झालं. संध्याकाळी खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकावर, नाहीतर कोळंबच्या पुलाजवळ जाऊन बसायचं. काका मात्र जुन्या काळापासून पांढऱ्या पिसाची गरी वापरतात, पाण्यात ओढली की पेडव्यासारखी, छोट्या माशासारखी, दिसते म्हणे. त्यांची पद्धत अशी की दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दोरा ताणून धरायचा, आणि गरी बोटात धरून ती फिरवत फिरवत गजाकडे सरकत जायचं. म्हणजे दोरा गरीभोवती फिरत नाही, गरीच दोऱ्यात गुंडाळली जाते. मी तीच पद्धत केली तर पीस एका बाजूला आणि गाठ दुसऱ्या बाजूला, आणि पहिल्याच फेकीला पीस वाऱ्यावर गेलं.

मग मी व्हिडिओ बघायला लागलो आणि तिथून सगळा बिघाड सुरू झाला. परदेशातली माणसं बांधतात त्या फ्लाय, म्हणजे किड्यासारखी दिसणारी पिसांची गरी, आणि जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याची गरी, आणि त्या प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटं यंत्र, त्याला म्हणतात व्हाइस. आता व्हाइस म्हटलं की आपल्याला गॅरेजमधला बेंच व्हाइस आठवतो, पाइप धरून कापायचा तो. हा त्याचाच पणतू समजा. एक उभी दांडी, तिच्या डोक्यावर पेन्सिलीएवढा तिरका जबडा, जबड्यात गरीचा बाक धरायचा, बास. दुसरं काहीही तो करत नाही. बांधत नाही, कापत नाही, फक्त धरून ठेवतो. आणि एवढ्यासाठी रेन्झेटी ट्रॅव्हलरसारखा नाव असलेला व्हाइस दोनशे डॉलरच्या वर जातो हे वाचून मी मोबाईल उलटा ठेवला आणि थोडा वेळ नुसता समुद्र बघितला.

तीन महिने मी हेच केलं, रात्री जेवून झालं की व्हाइस बघायचे. कॅमवाला, म्हणजे खटका खाली दाबला की जबडा आवळतो तो. थॉम्प्सन मॉडेल ए नावाचा अमेरिकेतला जुना प्रकार कॅमचाच, आणि त्याच्या स्वस्त नकला आपल्या भारतातच बनून तिकडच्या शिकाऊ किटांत जातात हे कळल्यावर मला उगाच अभिमान वाटला. मग रीगलसारखा स्प्रिंगवाला, तो कपड्याच्या चिमट्यासारखा, मूठ दाबली की जबडा उघडतो आणि सोडली की आपोआप धरतो, गरी जाड असो की बारीक. मग रोटरी. रोटरीत जबडा गोल फिरवता येतो, आणि ट्रू रोटरी म्हणतात त्यात गरीचा दांडा बरोबर फिरण्याच्या रेषेत बसतो, त्यामुळे गरी वरखाली न नाचता जागच्या जागी फिरते, तुम्ही दोरा नाहीतर पीस नुसतं धरून ठेवायचं. हे बघताना मला एकदम खिडकीचा गज आठवला. म्हणजे काका इतकी वर्षं रोटरीच करत होते की, फक्त व्हाइसच्या जागी दोन बोटं.

मी हे त्यांना उत्साहाने जाऊन सांगितलं तर म्हणाले, "मगे इकत कित्याक घेतंस? गरी धरूक दोन बोटां आसत मा तुका?"

पण घेतला. भारतातच मिळणारा, पंधराशे रुपयांचा, नाव सांगत नाही. पार्सल कुडाळपर्यंत दोन दिवसांत आलं आणि कुडाळहून मालवणला यायला त्याला सहा दिवस लागले, तेवढ्यात मी चालत आणलं असतं. उघडला तर दिसायला झकास, काळा जबडा, चकचकीत दांडी, खाली टेबलाला आवळायचा क्लॅम्प. आणि इथे पहिला फटका. आमचं टेबल आजोबांच्या काळातलं, फणसाच्या लाकडाचं, त्याची कड बोटभर नाही तर चांगली तीन बोटं जाड, शिवाय खालून पट्टी मारलेली. क्लॅम्पचं तोंड तेवढं उघडेचना. तीन महिने जबड्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाने आपलं टेबल एकदाही मोजलं नव्हतं.

आईने उपाय काढला. ती आडाळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खोवत होती, म्हणाली ह्याच्यासारखं कर. आडाळी बघा, पातं फळीत बसवलेलं आणि फळीवर आपण स्वतः बसलेलो, घरातल्या कुठल्याच हत्याराला इतकं भक्कम बूड नसेल. मग मी एका जुन्या पाटाला व्हाइस आवळला आणि पाटावर मांडी ठोकून बसलो. हलत तर अजिबात नव्हता, पण गरी आली बेंबीच्या उंचीवर आणि अर्ध्या तासात पाठीचा कणा प्रश्नचिन्हासारखा. गरी छातीच्या आसपास यायला हवी, खुर्चीत सरळ बसून दिसेल अशी. शेवटी पाट टेबलावर चढवला आणि त्याच्यावर ठेवला वरवंटा. परदेशात ह्यालाच पेडेस्टल बेस म्हणतात आणि त्या लोखंडी पाटीचे, दोन-तीन किलोंचे, वेगळे पैसे घेतात. कुठेही उचलून नेता येतो म्हणून पेडेस्टल चांगला, हलत नाही म्हणून क्लॅम्प चांगला, ह्यावर लोक हमरीतुमरीवर येतात. ज्याच्या घरात वरवंटा आहे त्याने ह्या वादात पडू नये.

दुसरा फटका मात्र वरवंट्याने सुटणारा नव्हता. गरीच्या नंबरांची गंमत माहीत असेलच, वीस नंबरची गरी दहापेक्षा लहान, दहा दोनपेक्षा लहान, आणि एकच्या पुढे शून्य लागायला लागलं की उलटं, १/० पेक्षा २/० मोठी, ३/० अजून मोठी. हे सगळे छोटे व्हाइस मुळात थंड नदीतल्या ट्राउटच्या फ्लायसाठी केलेले, तिथे बारा-चौदा-सोळा नंबर म्हणजे रोजचा वापर, गरी डासाएवढी. आणि मी त्याच्यात घातली ३/० ची, समुद्राची, कडक तारेची, वर शिशाचं डोकं असलेली जिग. जिगच्या गरीची मान नेढ्याजवळ वाकवलेली असते, साठ नाहीतर नव्वद अंशात, आणि त्या मानेवर शिसं ओतलेलं, म्हणून ती पाण्यात गरीचं टोक वर करून चालते आणि खडपात कमी अडकते. पाण्यात हे फार छान पण व्हाइसमध्ये सगळं वजन पुढे लोंबतं, दोरा जोरात ओढला की गरी मान टाकते. मी खटका अजून आवळला. अजून आवळला. टक्क असा आवाज झाला आणि जबड्याला गरीच्या बाकाचा खळगा पडला, चांगला नखात अडकेल एवढा. जबडा मऊ लोखंडाचा, गरी कडक, दुसरं काय होणार. खटका जास्त जोरात दाबून गरी घट्ट बसत नसते, आधी जबड्याचं अंतर गरीच्या जाडीला जुळवून घ्यायचं असतं, मग हलक्या हाताने खटका, हे मला नंतर कळलं, म्हणजे खळग्यानंतर.

तेव्हा कुणी मला विचारलं पहिला व्हाइस कुठला घेऊ, तर मी व्हाइसबद्दल बोलतच नाही. आधी तुझ्या गऱ्या आण म्हणतो. टेबलाची कड मोज. तांबोशी, चोणाक, गोबरा असल्या माशांसाठी जिग बांधणार असशील तर तुला हवा जाड, कडक स्टीलचा जबडा, पुढे शिशाच्या डोक्याला जागा सोडणारा. दुकानात बघायला मिळालाच तर स्वतःची सगळ्यात मोठी गरी खिशातून घेऊन जा, जबड्यात लाव आणि दांडा अंगठ्याने खाली दाबून सोड, टण्ण वाजून जागेवर आली तर ठीक, जरा जरी घसरली तर नमस्कार करून बाहेर ये. रोटरी असली तर मजा आहे, पलीकडची बाजू मान न वाकवता दिसते, पण जिगची मान वाकडी असल्याने ती ट्राउट फ्लायसारखी सरळ रेषेत फिरत नाही, डोकं गोल गोल घुमत राहतं, त्यामुळे पहिल्याच वेळी निव्वळ त्यासाठी दुप्पट पैसे घालू नयेत असं माझं मत. कुणाला पटत नाही, नको पटू दे.

आणि एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत कारण त्यातला कुणी मालवणात राहत नाही. आमची हवा. जुलैमध्ये इथे चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी येते, कात्री गंजते, दाराची कडी गंजते. काळा चकचकीत जबडा मी आठ दिवस उघडा ठेवला तर त्याला चहाचा रंग चढला. आता शिलाई मशीनचं तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवतो, पिसांच्या डब्यात डांबरगोळ्या.

बाकीच्या हत्यारांचा मात्र असा काही छळ नाही. दोऱ्याच्या रिळाला बॉबिन लागतो, तो लोंबता सोडला की त्याच्याच वजनाने दोरा ताणलेला राहतो. शेवटच्या गाठीसाठी रिकाम्या बॉलपेनची नळी चालते, गाठीवर लावायला बायकोचं नेलपॉलिश, ते संपलं की काय होतं ते सांगायला नको. परदेशी माणसं जिगला अमेरिकेतल्या हरणाच्या शेपटीचे केस लावतात, बकटेल म्हणतात त्याला. आपल्याकडे चितळ-सांबराच्या केसांच्या वाटेला जाऊ नका, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानकोंबड्याचंही तेच. त्याच्या मानेवरच्या ठिपक्यांच्या पिसांसाठी विलायतेतले सामन मासे पकडणारे जीव टाकायचे म्हणे, आणि तो इकडे घाटाच्या पायथ्याला फुकटात ओरडत असतो, त्याने ओरडावं, आपण ऐकावं. मी बोकडाचे केस वापरतो, आणि जेटीवर पडलेले नायलॉन दोरखंडाचे तुकडे उसवून. टोळ माशाला तर नुसत्या उसवलेल्या दोराचा झुबका पुरतो, गरीसुद्धा लागत नाही, त्याचे बारीक दात त्या तंतूंत अडकून बसतात.

जबड्याचा खळगा गॅरेजवाल्या मित्राने कानस मारून सपाट करून दिला, वर फुकटचा सल्ला दिला की ह्याला डायरेक्ट बेंच व्हाइसच घे, आयुष्यभर चालेल. पैसे घेतले नाहीत, दोन पांढऱ्या जिग मागितल्या. आता व्हाइस बरा धरतो, २/० पर्यंत तरी. रिकाम्या वेळी त्याच्यात आईच्या चष्म्याची दांडी लावून स्क्रू पिळला जातो, पोरीच्या पैंजणाची कडी जुळवली जाते. काका येता-जाता त्याच्याकडे बघतात आणि आपली गरी घेऊन गजाकडे जातात. त्यांची गाठ अजूनही माझ्यापेक्षा बरी बसते हे खरं आहे.

पण मित्राच्या दोन जिगसाठी पांढरं पीस संपलंय. बॉयलरचं पीस कामाचं नाही, कोवळं असतं, ओलं झालं की चिकटून बसतं. गावठी कोंबड्याच्या मानेचं आणि पाठीचं हवं, लांब, निमुळतं. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे राखण आहे, राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा द्यायचा असतो दरवर्षी, तो आणायचं काम काकांचं. मी जरा घाबरतच विचारलं, काका, कोंबडा पांढरा बघून आणाल काय? आई आतून ओरडली की देवाच्या कामात तुझी मासेमारी आणू नको. काका जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पिशवी उचलता उचलता म्हणाले, "कोंबो राखणदाराचो. पिसां तुझी."