रॉकेटला पत्रा नको

पुतण्या हौशी मॉडेल रॉकेटच्या धडासाठी पत्र्याचा पाइप घेऊन आला, "काका, एकदम मजबूत आहे!" म्हटलं, गोम तिथंच आहे. मोटर, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारं जळत्या दारूचं नळकांडं, फुटली तर पुठ्ठा नुसता फाटतो, पत्र्याचे तुकडे मात्र सुऱ्यांसारखे उडतात. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांतही नाक, धड आणि पंख हलके, बिगरधातूचेच हवेत.

सोलापुरात पुठ्ठ्याच्या नळ्यांना काय तोटा? अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखानदारांकडे विचारा. जाड, जड नळी तेवढी घेऊ नका. पंख बाल्सा या हलक्या लाकडाचे; लाकडाचे रेषे पुढच्या कडेला समांतर ठेवा, नाहीतर पंख मुळातूनच कडकन मोडतो. पॅराशूटखाली न पेटणारा कागद कोंबायचा, साधा कापूस अजिबात नाही. आणि घरी दारू कुटून मोटर बनवायचा विषय तर आमच्याकडे निघतच नाही.