आमची वाटचाल : लांबी आणि जोड

सल काढायचं, म्हणजे झाडातल्या वाळक्या काड्या छाटायचं काम आमच्या वरुड-मोर्शीकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा संपला की झाडात ह्या काड्या डोळ्यांत खुपायला लागतात. 2004 मध्ये मी वेल्डिंगचं दुकान टाकलं, तेव्हा गडी झाडावर चढून कोयत्यानं हे काम करायचे. कोयत्याच्या घावानं ओली साल फाटते, अन् तिथूनच रोग शिरतो.

आमची पहिली दांड्याची करवत मिस्त्रीनं आरागिरणीच्या जुन्या पट्ट्यातून काढली. पातं विळ्यासारखं वाकडं, दाते दांड्याकडे झुकलेले. म्हणजे कापायचं ते ओढताना, वर ढकलताना नुसतं सरकवायचं. दहा फुटांवरून ढकलून कापायला गेलात तर दांडा लवतो अन् पातं वाकतं. तिकोनी कानशीनं मिस्त्री एकेक दाता घासायचा, एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे फाकवायचा. ओल्या लाकडाला दाते मोठेच हवेत, बारीक दात्यांत भुसा गच्च बसतो. टोकाला आकडा ठेवला, अडकलेली फांदी खाली ओढायला. दांडा मेळघाटातल्या मानवेल बांबूचा, तो भरीव असतो म्हणून. मिस्त्री भागीदार होता. कागदावर नाही, पण गल्ला दोघांचा.

पुढची दहा-अकरा वर्षं बरी गेली.

मग बाजारात एक जण उतरला. नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. अल्युमिनियमच्या तीन नळ्या एकात एक सरकणाऱ्या, अठरा फुटांची करवत, मुठीचा रंग आमचाच नारिंगी! गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारू लागलं, "तुमची केवढी?" अहो, माणूस हात वर करून उभा राहिला की दहा फुटांचा दांडा सोळा फुटांपर्यंत पोचतो. संत्र्याला आणखी किती पाहिजे? पण लांबी डोळ्यांना दिसते, जोड दिसत नाही.

मीही भुललो. मिस्त्री नको म्हणत असताना कर्ज काढून अठरा फुटी दोनशे करवती बनवल्या. नळ्यांचे चाप ओढताना सुटायचे, वरची बारीक नळी गवतासारखी डुलायची. त्यातच 8 नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी आली, ऐन अंबियाच्या तोड्यात. बागवाल्यांच्याच हाती पैसा नव्हता, करवत कोण घेणार? विकलेल्याही परत यायला लागल्या. तिकडे तो बाजारात सांगत फिरला की यांनी आमची नक्कल केली. आमची! मिस्त्रीच्या डोळ्यांत तेव्हा पाणी पाहिलं, ते अजून विसरलो नाही.

एक बागवाले होते, सगळे त्यांना दादाजी म्हणत. पहिल्या दहा करवतींतली एक त्यांचीच. तेही अठरा फुटी घेऊन आले. मी पैसे परत काढायला लागलो, तर म्हणाले, "पैसे राहू दे बाबू. हे पाय, म्या काय केलं." वरची बारीक नळी त्यांनी काढून टाकली होती, पातं मधल्या नळीवर बसवलं होतं अन् चापाच्या जागी छिद्र पाडून आरपार खिळा ठोकला होता. "तुह्यी करवत चांगलीच हाय, लांबी खोटी हाय." त्या रात्री मिस्त्री अन् मी उरलेल्या सगळ्या करवती तशाच करायला बसलो. खिळ्याऐवजी पिन घातली, बस. कर्ज फिटायला मात्र तीन वर्षं लागली.

म्हणून करवत घ्यायला जाल तेव्हा दांडा पूर्ण उघडा अन् टोक दाराच्या चौकटीला अडकवून जोरात ओढा. जोड सरकला तर तिथंच ठेवून या. कडक केलेल्या काळपट दात्यांवर कानस चालत नाही, तेव्हा सुटं पातं मिळतं का तेही विचारा. कापताना फांदीखाली उभं राहू नका. मोठी फांदी टोकाकडून तुकडे करत आणा अन् खोडाजवळचा फुगीर भाग राखा. कापल्या जागी बोर्डो मलम लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. अन् बागेवरून विजेची तार गेली असेल तर तिच्याजवळ अल्युमिनियमचा दांडा उचलूच नका, आमचा असला तरी.

परवा त्या गृहस्थाची नवी करवत पाहिली. आता तिलाही आरपार पिन आहे. मूठ नारिंगीच.