एक्सेलनं परस्पर ठेवलेलं नाव

आमच्या पगारदार पतसंस्थेच्या मागच्या खोलीत अजून एक जुना पीसी आहे. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ, आणि आत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला आमचा जुना प्रोग्राम. सभासद, कर्ज, शेअर्स, वर्गणी, सगळ्याच्या डीबीएफ फाईली, म्हणजे फॉक्सप्रो ज्यात माहितीचे तक्ते ठेवतं त्या. नवीन सॉफ्टवेअर येऊन बरीच वर्षं झाली, पण जुनं काही विचारलं की कव्हर काढावंच लागतं. आणि कव्हर काढलं की मला २००६ चा जून आठवतो.

तेव्हा प्रोग्राम लिहिणारा मुलगा नोकरी धरून पुण्याला गेला होता आणि नवीन सभासद भरायचा स्क्रीन मध्येच अडकायचा. पंधरा नवे अर्ज मंजूर होऊन टेबलावर पडलेले. महिनाअखेरीला कपात यादी कारखान्याच्या पगार विभागात गेली नाही, तर त्या पंधरा जणांची वर्गणी कापली जाणार नाही. मी म्हटलं, डीबीएफ एक्सेलमध्ये उघडते की. एक्सेल २००३ होतं. सभासदांची फाईल उघडली. वरती रकान्यांची नावं, खाली सभासद, शेवटची ओळ ६१२. तिच्याखाली चौदा जणांची नावं भरली. पंधराव्याचा टोकन नंबर, म्हणजे कारखान्यातला कामगार क्रमांक, मधलाच होता, म्हणून त्याच्यासाठी मध्ये एक ओळ घुसवली. सेव्ह केलं. एक्सेलनं विचारलं, या फाईलमध्ये डीबीएफला न जमणाऱ्या काही गोष्टी असू शकतात, तरी ठेवायचं का. ते दरवेळी विचारतं म्हणून मी हो म्हटलं आणि चहाला गेलो.

प्रोग्राममधून यादी छापली. चौदा जण गायब, पंधरावा हजर.

आधी वाटलं इंडेक्सचा घोळ असेल. बाहेरून डीबीएफमध्ये हात घातला की फॉक्सप्रोच्या इंडेक्स फाईलला, म्हणजे ओळींच्या क्रमाच्या सूचीला, त्याचा पत्ता नसतो, ती सूची परत बनवावी, रीइंडेक्स करावंच लागतं, एवढं माहीत होतं. केलं. चौदा जण आले नाहीत. फाईल परत एक्सेलमध्ये उघडली तर तिथेही नाहीत. म्हणजे यादीत नव्हे, फाईलमध्येच नव्हते. मी परत टाईप केले, परत सेव्ह, परत गायब. तिसऱ्या वेळी मॅनेजरसाहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही सेव्ह करताय की पुसताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धागा दिला तो पंधराव्यानं. तो का राहिला? बाकीच्यांसारखाच टाईप केलेला, फरक एवढाच की तो मध्ये होता. मग सहज डावीकडे वरच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकटीकडे लक्ष गेलं, जिथे निवडलेल्या घराचा (सेलचा) पत्ता दिसतो. तिचा बाण दाबला तर आत एकच नाव: डेटाबेस. हे मी कधी ठेवलं नव्हतं. त्याच्यावर क्लिक केलं आणि पहिल्या ओळीपासून सगळा तक्ता निळा झाला. ६१३ व्या ओळीपर्यंत. त्याच्याखाली माझे चौदा जण पांढऱ्या जागेत उभे, कुंपणाबाहेर.

भानगड अशी होती. डीबीएफ उघडली की एक्सेल आपणहून त्या तक्त्याला 'डेटाबेस' असं नाव देऊन टाकतं आणि जेवढी माहिती फाईलमधून आली तेवढ्याच घरांवर ते नाव बसवतं. जुन्या एक्सेलमध्ये परत डीबीएफ म्हणून सेव्ह करताना त्या नावाच्या आत जे आहे तेवढंच फाईलमध्ये जायचं. मध्ये ओळ घुसवली की कुंपण आपोआप एका ओळीनं वाढतं, म्हणून पंधरावा वाचला. शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलं तर कुंपण तसंच राहतं. उजवीकडे नवा रकाना जोडला तरी तेच. ना चूक दाखवली, ना इशारा. त्या चहाआधीच्या प्रश्नात हे सगळं भरलेलं होतं असं म्हणता येईल, पण असा प्रश्न कोण वाचतो?

उपाय दोन मिनिटांचा निघाला. कंट्रोल आणि एफ३ दाबायचं, 'डेटाबेस' निवडायचं आणि त्याच्यापुढचा पत्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाढवायचा. नाहीतर नव्या ओळी शेवटच्या सभासदाच्या वर घुसवायच्या. मी दुसरा रस्ता धरला, कारण पत्ता वाढवायला मी हमखास विसरलो असतो. यादी संध्याकाळी सहाला गेली.

त्याच धांदलीत आणखी एक कळलं. यादी कागदावर बसावी म्हणून मी नावाचा रकाना जरा अरुंद केला होता. डीबीएफमध्ये प्रत्येक रकान्याची लांबी ठरलेली असते, आणि एक्सेल ती लांबी रकान्याच्या रुंदीवरून ठरवायचं. आडनाव पूर्ण, स्वतःचं नाव अर्धं आणि वडिलांचं नाव साफ गेलेलं, असे सभासद निघाले. मूळ फाईलची कॉपी फ्लॉपीवर होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मूळ डीबीएफला मी हात लावत नाही, आधी कॉपी, मग जे काय करायचं ते कॉपीवर.

एक्सेल २००७ आलं आणि डीबीएफमध्ये सेव्ह करायची सोयच काढून टाकली. उघडता येतं, तशीच सेव्ह करता येत नाही. मला वाटलं, चला, 'डेटाबेस'ची कटकट संपली.

गेल्या वर्षी जुन्या थकीत कर्जांची माहिती हवी झाली. २००४-०५ पासून दहा वर्षांच्या कर्जाच्या फाईली, दरसालची वेगळी. लेखापरीक्षकांकडून आलेल्या मुलीनं सांगितलं, "काका, सगळी वर्षं एकाच फाईलमध्ये द्या, दहा शीट करून." सोपं काम. मी एकेक डीबीएफ उघडली, एक्सेल फाईल म्हणून सेव्ह केली, आणि प्रत्येकीत वरती उजव्या कोपऱ्यात एक सोय करून ठेवली: कर्ज क्रमांक टाका, बाकी दिसेल. साधा व्हीलुकअप, तक्त्यात शोधून उत्तर आणणारं सूत्र. तक्त्याचा पत्ता लिहायचा कंटाळा म्हणून तिथे नुसतं 'डेटाबेस' लिहिलं. नाव आयतं होतंच. २००६ मध्ये ज्यानं छळलं त्यालाच कामाला लावलं, म्हणून मी मनातल्या मनात खूशही झालो.

मग शीट एका फाईलीत हलवायला लागलो. दुसऱ्या शीटपासून एक्सेलनं विचारायला सुरुवात केली: 'डेटाबेस' हे नाव इथे आधीपासून आहे, तेच वापरायचं तर येस दाबा, तुमच्याकडच्या नावाला वेगळं नाव द्यायचं तर नो. मी त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, येस दाबत जा." मी दाबत गेलो. नऊ वेळा.

दोन दिवसांनी तिचाच फोन. एका कर्जाची बाकी दहाही वर्षं १८,४०० दिसतेय, आणि तक्त्यात तर दरसाल हप्ते जमा झालेले दिसतायत. मी २०१०-११ चं शीट उघडलं, कोपऱ्यातल्या घरात कर्ज क्रमांक टाकला. १८,४००. खाली तक्त्यात त्याच कर्जापुढे बाकी वेगळीच. सूत्रात बघतो तर 'डेटाबेस' लिहिलेलं, आणि ते नाव आता बोट दाखवत होतं पहिल्या शीटकडे, २००४-०५ कडे. येस म्हणजे माझ्याकडचं नाव सोडून द्या आणि तिथलं घ्या. एक्सेलनं ते स्पष्ट विचारलं होतं. चूक दाखवणारी खूण असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आकडा चुकीचा असला की तो दिसतो मात्र अगदी बरोबर आकड्यासारखा.

परत सगळ्या फाईली घेतल्या. या वेळी शीट हलवण्याआधी प्रत्येक फाईलमध्ये कंट्रोल-एफ३ करून 'डेटाबेस'चं नावच बदलायचं ठरवलं. ज्या सूत्रात ते नाव आहे तिथे एक्सेल आपोआप नवं नाव घालतं, त्यामुळे व्हीलुकअपला हात लावावा लागत नाही. नाव नुसतं पुसलं तर मात्र सूत्राच्या जागी 'नेम' म्हणून ओरडणारी चूक येते.

पहिलं नाव मी इंग्रजी अक्षरांत ठेवलं केआरजे२००५, कर्जाचं संक्षिप्त. एक्सेलनं घेतलंच नाही. पाच मिनिटं स्पेलिंग तपासत बसलो. मग ट्यूब पेटली. जुन्या एक्सेलमध्ये २५६ रकाने होते, शेवटचा आयव्ही. आता १६,३८४ आहेत, शेवटचा एक्सएफडी. म्हणजे केआरजे नावाचा रकाना आता खरोखर आहे, त्याच्यात २००५ वी ओळही आहे, आणि घराचा पत्ता कुणाचं नाव म्हणून चालत नाही. जुन्या फाईलीत अशी नावं असतील तर नव्या पद्धतीनं सेव्ह करताना एक्सेल त्यांच्यापुढे एक अंडरस्कोर लावून देतं. पण मॅक्रोत, म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्राममध्ये, ते नाव अवतरणात लिहिलेलं असेल तर मॅक्रो बिचारा खरंच त्या दूरच्या रिकाम्या घराकडे जातो आणि शून्य घेऊन येतो. मी बाकी_०४०५ अशा धर्तीवर, इंग्रजी अक्षरांतच, नावं ठेवली. इंग्रजीत चार अक्षरी नावाचा रकाना अजून तरी निघालेला नाही.

या वेळी शीट हलवताना एकदाही प्रश्न आला नाही. त्या कर्जाची बाकी २०११-१२ मध्ये शून्य झालेली निघाली. नाहक थकबाकीच्या यादीत बसला होता तो माणूस.

कुणाला एक्सेलमधून परत डीबीएफ करायचीच असेल तर लिब्रे ऑफिसचं कॅल्क, एक्सेलसारखंच एक फुकट सॉफ्टवेअर, अजून ते करतं. उघडताना ते कुठली अक्षरपद्धती विचारतं आणि रकान्याच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन प्रकार आणि लांबी लिहितं, म्हणजे नाव, सी, ३० असं काहीतरी (सी म्हणजे अक्षरं, ३० ही लांबी). ते बघून आमच्या नव्या क्लार्कनं सगळी शीर्षकं "स्वच्छ" करून, स्वल्पविरामापुढचं सगळं पुसून, ठेवली होती. ती मी परत टाईप करतोय, तेहतीस रकाने आहेत, सतरा झालेत.