बर्फाखाली सोडायचा पितळी पत्रा

फिनलंडमधल्या टाम्परेला डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. संध्याकाळी करायचं काय, म्हणून इथली निम्मी माणसं कसले ना कसले वर्ग लावतात. मी धातुकामाचा लावलाय आणि तिथे ‘पिल्की’ करायला शिकतेय. गोठलेल्या तळ्याला गिरमिटाने भोक पाडायचं आणि त्यातून उभं खाली सोडायचं, असं हे धातूचं आमिष.

मालवणात गरवायला बसलं की गरीला कोळंबी लावली, काम झालं. इथे थंडीत मासा सुस्तावलेला असतो, त्याला लांबून बोलवावं लागतं. ते काम पत्र्याच्या लखलखाटाचं. पत्र्याखाली दोन-तीन सेंटिमीटरची साखळी, तिच्या टोकाला लाल थेंबाची इवलीशी गरी आणि गरीला माशीच्या अळ्या. अळ्या गोठू नयेत म्हणून त्यांची डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची. (आईला हे फोनवर सांगितलेलं नाही.)

पत्रा एक मिलिमीटरचा, एक बाजू पितळेची, दुसरी तांब्याची. गढूळ, चहाच्या रंगाच्या पाण्यात तांबं चालतं आणि नितळ पाण्यात पांढरा धातू, असं इथले जुने गरवणारे सांगतात. पत्रा आधी तापवून मऊ करायचा, मग लाकडाच्या खोबणीत ठेवून ठोकायचा. ठोकता ठोकता तो पुन्हा ताठरतो, की परत जाळावर. अशा पितळेच्या आणि तांब्याच्या दोन अर्ध्या शिंपा समोरासमोर ठेवून तारेने बांधायच्या, कडांना डाख द्यायचा आणि पोटात कथील ओतायचं. कथील 232 अंशांना वितळतं, पितळाला 900च्या आसपास लागतात, त्यामुळे ज्योत जरा जपून फिरवली की पत्र्याला काही होत नाही. शिसं स्वस्त आणि जडही, पण आमच्या वर्गात त्याला बंदी आहे आणि ते बरंच आहे.

मग कानस. खरी गंमत इथे सुरू होते, कारण टेबलावर देखणी दिसणारी पिल्की पाण्यात धोंड्यासारखी सरळ बुडू शकते. तिने डुलत, एका अंगाला सरकत खाली जायला हवं. वर्गात एक उंच प्लास्टिकचं पिंप भरून ठेवलेलं असतं. दोरा ढिला सोडून बघायचं, शेपटाकडची कड थोडी घासायची, पुन्हा सोडायचं. केसभर धातू गेला तरी चाल बदलते. मला स्वतःला चकाकीपेक्षा ही चाल जास्त महत्त्वाची वाटते. पॉलिश पेपरवर तास घालवणाऱ्यांना ते पटत नाही.

जुन्या सामानाच्या दुकानांत जर्मन सिल्व्हरचे चमचे चिल्लरीत मिळतात. दांड्याची पिल्की होते, खोलगट भागाचं उन्हाळ्यात पाईक माशासाठी फिरकं आमिष. चमच्याच्या आकाराच्या आमिषाचं पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्युएलने 1852 सालीच घेतलं होतं, म्हणजे युक्ती काही नवी नाही.

पिल्कीने मासेमारी फिनलंडमध्ये जवळजवळ सगळीकडे कुणालाही मोफत करता येते, परवाना लागत नाही. उन्हाळ्यात चाकाची गळकाठी आणि असलं आमिष घेतलं, की 18 ते 69 वयाच्यांना सरकारी शुल्क भरावं लागतं. बर्फावर जाताना मात्र गळ्यात दोन टोकदार मुठी अडकवायच्याच. बर्फ फुटलाच तर त्या रोवून वर येता येतं.

नॅसियार्वी तळ्यात मिळतो तो बहुतेक पर्च, अंगावर पट्टे आणि तांबडे पर. खवले भलतेच चिवट, म्हणून मी सरळ कातडं सोलते. मग तिखट-मीठ, कोकमाचं आगळ, रवा आणि तवा.