एडिनबरा विद्यापीठाचा रेक्टर

एडिनबरा विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी मी वसतिगृह, ग्रंथालय आणि शुल्क यांची बारकाईने चौकशी केली होती. विद्यापीठाचा कारभार कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न मात्र मनात आला नव्हता. येथे कुलपतिपद राजकन्या ॲन यांच्याकडे असून प्रत्यक्ष कारभार प्रिन्सिपल, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंसारखे अधिकारी, पाहतात. परंतु युनिव्हर्सिटी कोर्ट या सर्वोच्च मंडळाच्या बैठकीत अध्यक्षस्थानी बसण्याचा मान रेक्टरचा असतो, आणि त्याची निवड दर तीन वर्षांनी विद्यार्थी व कर्मचारी मिळून करतात.

१८५८ च्या कायद्याने हे पद येथे आणले आणि पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन पहिले रेक्टर झाले. चर्चिल आणि पेनिसिलिनचे संशोधक फ्लेमिंग हेही रेक्टर होते. मला मात्र या थोरांपेक्षा १९७० च्या दशकाचा आरंभ अधिक लक्षणीय वाटतो. तेव्हा विद्यार्थ्यांनी आपल्यातल्याच एकाला, जोनाथन विल्स यांना, निवडून दिले आणि १९७२ मध्ये त्यांच्या जागी गॉर्डन ब्राऊन आले. पुढे पंतप्रधान झालेला हा तरुण विद्यार्थी असतानाच वयाने कितीतरी मोठ्या प्राध्यापकांच्या आणि मान्यवरांच्या बैठका चालवत होता!

सुविधांचा इतिहासही याच वृत्तीशी जोडलेला आहे. १८८९ मध्ये उघडलेली टेव्हियट रो हाऊस ही विद्यार्थी संघटनेसाठी मुद्दाम बांधलेली जगातील सर्वांत जुनी इमारत मानली जाते, आणि तिच्यासाठी निधी जमवण्यात विद्यार्थी आघाडीवर होते. त्याआधी दोनच वर्षे पॅट्रिक गेडिस यांनी शहराच्या जुन्या भागात असे वसतिगृह सुरू केले होते, ज्याची व्यवस्था तेथे राहणारे विद्यार्थीच पाहत. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्या नगररचनेची आठवण आपण काढतो, या वसतिगृहाची सहसा काढत नाही.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत थेट निवडणुका १९९० च्या दशकात बंद पडल्या, त्यामुळे येथील व्यवस्थेचा मला प्रथम हेवा वाटला. पण अधिकार असणे वेगळे आणि तो बजावणे वेगळे. २०२१ आणि २०२४ या दोन्ही वेळी रेक्टरपदासाठी एकच उमेदवार होता, म्हणून मतदान झालेच नाही. शिवाय २०१६ च्या स्कॉटिश कायद्यानंतर मंडळाच्या नेतृत्वाची बरीच जबाबदारी विद्यापीठाबाहेरून निवडलेल्या ज्येष्ठ सदस्याकडे गेली आहे. तरीही भाडेवाढ किंवा कर्मचाऱ्यांचा संप असे विषय तापतात, तेव्हा कोर्टात आपली बाजू मांडणारा कोणी असावा, ही अपेक्षा विद्यार्थी रेक्टरकडूनच ठेवतात. पुढच्या निवडणुकीत किमान दोन अर्ज यावेत, एवढीच माझी इच्छा आहे.