तुम्ही विचारलंत म्हणून : ‘केदार’ शिकायचा कसा?

स्पॅनिश शिकणारी मंडळी मला एक प्रश्न वारंवार विचारतात. शब्दांचे अर्थ पाठ होतात, परीक्षेत आठवतातही, पण बोलायची वेळ आली की तोच शब्द तोंडात येत नाही. मग एखादा शब्द ‘आला’ असे म्हणायचे तरी केव्हा? याचे उत्तर मी नेहमी एकाच क्रियापदाच्या आधाराने देतो, कारण त्याच्याशी सुरुवातीलाच गाठ पडते आणि भाषा बरीच येऊ लागल्यावरही त्याचे नवे वापर समोर येतच राहतात. ते क्रियापद म्हणजे ‘केदार’. उच्चार आपल्याकडच्या केदार या नावासारखाच. फक्त जोर शेवटच्या ‘दार’वर द्यायचा आणि ‘द’ थोडा मऊ ठेवायचा.

शब्दकोशात त्याच्यापुढे राहणे, उरणे, ठरणे, असणे, शोभणे असे अर्थ ओळीने दिलेले असतात आणि ती यादी पाहून विद्यार्थी हबकतो. पण हा शब्द लॅटिनमधल्या ‘शांत करणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आलेला आहे, हे ध्यानात घेतले की यादीला सूत्र मिळते. हालचाल थांबल्यावर जे मागे राहिले ते उरले. बोलणी जिथे येऊन थांबली ते ठरले. आणि रेल्वे स्थानक तर जागचे हलतच नाही, म्हणून ‘दोंदे केदा ला एस्तासिओन?’ म्हणजे ‘स्थानक कुठे आहे?’. किल्ली किंवा माणूस कुठे आहे हे विचारताना मात्र ‘केदार’ चालत नाही, तिथे ‘असणे’ या अर्थाचे दुसरे क्रियापद ‘एस्तार’च लागते. अर्थ पाठ करणाऱ्याला हा फरक कळत नाही, वाक्ये पाहणाऱ्याला कळतो.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपण बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजीच्या वाटेने शिकतो, आणि याच क्रियापदापाशी ती वाट फार लांबची ठरते. दुकानात सदरा घालून पाहताना स्पॅनिश भाषक म्हणतो, ‘मे केदा ग्रांदे’. इंग्रजीतून अर्थ लावणारा विद्यार्थी शब्दांची जुळवाजुळव करत बसतो. मराठी माणसाला त्याची गरजच नाही, कारण आपणही ‘हा सदरा मला मोठा होतो’ असेच म्हणतो : कर्ता सदरा, आणि ज्याला तो मोठा होतो तो ‘मला’. ‘मे केदान दोस दीआस’ म्हणजे ‘माझे दोन दिवस उरले आहेत’. दिवस कर्ता असल्यामुळे तिकडे क्रियापद अनेकवचनी होते आणि इकडे आपणही ‘उरले’च म्हणतो. म्हणून वहीत शब्दासमोर इंग्रजी अर्थ लिहू नका, पूर्ण स्पॅनिश वाक्य लिहा आणि त्याखाली आपण घरी जसे बोलू तसे मराठी वाक्य लिहा, असा माझा आग्रह असतो.

दुसरा आग्रह शब्दाच्या सोबत्यांविषयीचा. ‘केदार कोन आना’ म्हणजे आनाला भेटायचे ठरवणे. त्यात एक ‘से’ आला आणि ‘केदार्से कोन एल लिब्रो’ झाले की अर्थ होतो पुस्तक स्वतःकडेच ठेवून घेणे. ‘केदामोस एन के तू त्राएस एल पान’ म्हणजे ‘पाव तू आणायचास, असे आपले ठरले’. ‘केदार बिएन’ म्हणजे लोकांच्या नजरेत चांगले दिसणे, आणि लग्नाकार्यात मानापानाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या आपल्या माणसांना हा प्रयोग समजावून सांगावा लागत नाही. अर्थ ठरवण्याचे काम इथे सोबतचे हे छोटे शब्द करतात, आणि वहीत नेमके तेच लिहायचे राहून जातात. मारिया मोलिनेर या ग्रंथपाल बाईंनी घरी बसून वर्षानुवर्षे खपून जो शब्दकोश सिद्ध केला आणि जो १९६६-६७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला, त्याच्या नावातच ‘वापर’ हा शब्द आहे. शब्दाचा नुसता अर्थ देऊन भागत नाही, हे त्या बाईंनी किती आधी ओळखले होते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मराठीचा आधार मात्र शेवटपर्यंत पुरत नाही. आपण ‘बहिरा झाला’, ‘श्रीमंत झाला’, ‘लाल झाला’ या सगळ्यांसाठी ‘होणे’ वापरतो. स्पॅनिशमध्ये त्यांची क्रियापदे वेगवेगळी असतात. ‘से केदो सोर्दो’, तो बहिरा झाला. ‘से केदो बिउदो’, तो विधुर झाला : बरेचदा काहीतरी गमावल्यानंतर माणूस ज्या स्थितीत उरतो, ती ‘केदार्से’ सांगते. रागाने किंवा लाजेने लाल होण्यासाठी ‘पोनेर्से’ लागते, कारण ती लाली थोड्या वेळाने उतरते. श्रीमंत होण्यासाठी सहसा ‘आसेर्से’ वापरतात. ही क्रियापदे एकाच दिवशी तक्ता करून शिकू नका. आधी ‘केदार्से’ची वाक्ये कानांत नीट बसू द्या, मग ‘पोनेर्से’ घ्या, आणि बाकीची त्यांच्यानंतर.